बिन कासिम कातड्यात नाही, वासितच्या तुरुंगात मेला

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या पुरवणीतला, आठव्या शतकात सिंध जिंकणाऱ्या अरब सेनापती मुहम्मद बिन कासिमवरचा लेख वाचला. भाषा चांगली आहे, देबल बंदराच्या वेढ्याचं वर्णनही छान जमलंय, त्याबद्दल लेखकाचं कौतुक. पण शेवटच्या दोन परिच्छेदांत परत तेच, सिंधचा हरलेला राजा दाहिर याच्या मुलींनी खलिफाकडे खोटी तक्रार केली आणि खलिफाने बिन कासिमला कच्च्या कातड्यात शिवून मागवलं. आणि हे कुठेही 'अशी कथा आहे' असं न म्हणता, घडलंच असल्यासारखं छापलंय. रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून सकाळी उठून लिहायला बसलो.

ही गोष्ट चचनाम्यातली, म्हणजे सिंधच्या इतिहासावरच्या जुन्या ग्रंथातली आहे. आज आपल्या हातात आहे तो फारसी चचनामा 1216 च्या सुमाराचा, म्हणजे घटनेनंतर पाचशे वर्षांचा. त्याच्या तीनशे वर्षं आधीचा अरबी इतिहासकार बलाधुरी वेगळंच सांगतो आणि त्याचं सांगणं तेव्हाच्या राजकारणाशी बरोबर जुळतं. हज्जाज बिन युसूफ हा वीस वर्षं इराकचा सुभेदार, त्यानेच आपल्या नात्यातल्या बिन कासिमला सिंधवर पाठवलं. वलीद खलिफाच्या मागून गादी भाऊ सुलेमानला मिळू नये, वलीदच्या मुलाला मिळावी, या खटपटीत हज्जाज सामील होता. 714 मध्ये हज्जाज गेला, 715 मध्ये वलीद गेला, सुलेमान गादीवर बसला आणि हज्जाजच्या माणसांचे दिवस फिरले. सुलेमानने इराकचा महसूल सालिह बिन अब्दुल रहमानकडे दिला. हा तोच सालिह ज्याने हज्जाजच्याच हाताखाली इराकच्या सरकारी वह्या फारसीतून अरबीत आणल्या होत्या, आणि त्याच्या सख्ख्या भावाला हज्जाजने खारिजी, म्हणजे खलिफाविरुद्ध उठलेल्या पंथाचा, म्हणून ठार केलेलं होतं. बिन कासिमला बेड्या घालून सिंधहून आणलं ते या माणसाच्या ताब्यात. त्याने त्याला वासितमध्ये डांबला आणि हज्जाजच्या घराण्यातल्या इतरांबरोबर हाल करून मारला. वासित हे इराकातलं शहर हज्जाजनेच वसवलेलं. ज्याच्या जिवावर हा पोरगा सिंधपर्यंत गेला त्याच्याच गावात त्याचा शेवट झाला, यापेक्षा करुण काय असणार आहे, त्याला कातडं कशाला पाहिजे?

आणि तो एकटा नव्हता हो. तिकडे मध्य आशिया जिंकणारा कुतैबा बिन मुस्लिम, तोही हज्जाजचाच माणूस. सुलेमान आपल्याला सोडणार नाही हे ओळखून त्याने फर्गाण्यात बंड केलं आणि त्याच्याच सैन्याने त्याला मारलं, त्याच वर्षी. स्पेन घेणारा मुसा बिन नुसैर दमास्कसला परतला तो अपमान झेलायलाच. तीन दिशांचे तीन विजेते एका गादीबदलात संपले, आणि लेखात याचं एक अक्षर नाही.

लेखात बिन कासिमला 'सुलतान' म्हटलंय त्याचंही वाईट वाटलं. तो सुलतान नव्हता, बदलीवर पाठवलेला अधिकारी होता. दर तीन दिवसांनी हज्जाजचं पत्र यायचं आणि त्याचं उत्तर जायचं. हज्जाजने सैन्याबरोबर सुई-दोऱ्यापर्यंत सगळं दिलं होतं, इतकंच काय, तिकडे शिरका (व्हिनेगर) मिळत नाही म्हणून कापूस शिरक्यात भिजवून, सावलीत वाळवून पाठवला होता, की तिथे तो पाण्यात टाकायचा आणि त्या पाण्यात जेवण करायचं. मोहीम झाल्यावर त्याच हज्जाजने हिशोब मांडला, खर्च सहा कोटी दिरहम, आले बारा कोटी. ही असली माणसं होती ती, पत्र, कापूस, हिशोब. मला तर हे वेढ्यापेक्षा जास्त खरं वाटतं. त्यांच्याही आधी, उमर खलिफाच्या काळात, बहरीन-ओमानच्या सुभेदाराने परस्पर आपल्या मुंबईजवळच्या ठाणे शहरावर गलबतं पाठवली तर खलिफाने शाबासकी दिली नाही, उलट लिहिलं की माणसं बुडाली असती तर तेवढी तुझ्या जमातीतून वसूल केली असती. सुभेदाराची लायकी ही अशी, वरून पत्र आलं की संपलं.

आता हे मला एवढं का लागतं ते सांगतो. मी डहाणू तालुक्यात तीस वर्षं इतिहास शिकवला. एका वर्षी आमची आठवीतली एक मुलगी तालुक्याच्या प्रश्नमंजूषेत शेवटच्या फेरीपर्यंत गेली. वडील मासेमारी करणारे, घरात पुस्तक म्हणाल तर शाळेचं तेवढंच. शेवटचा प्रश्न आला, मुहम्मद बिन कासिमचा मृत्यू कसा झाला. ती उभी राहून खणखणीत म्हणाली, वासितच्या तुरुंगात. परीक्षक म्हणाले चूक, कातड्यात शिवून. मी उठून हरकत घेतली तर त्यांनी फाईलमधून एक कात्रण काढून दाखवलं, एका मराठी पेपरच्या रविवारच्या पुरवणीचं. म्हणाले, गुरुजी, हे छापून आलंय. एका मार्काने तिचं पहिलं बक्षीस गेलं. परत येताना यष्टीत ती खिडकीशी बसली होती, दुसऱ्या नंबरचा कंपास मांडीवर, बराच वेळ गप्प होती आणि मग एवढंच विचारलं, सर, तुम्ही सांगितलं ते बरोबर होतं ना? मी हो म्हणालो, पण छापील कागदापुढे माझ्या हो ला किंमत नव्हती, आणि ते तिला कळलं होतं. परवा तुमच्या पुरवणीत तेच वाक्य पुन्हा दिसलं आणि मला ती यष्टी आठवली. उद्या आणखी कोणीतरी याचं कात्रण फाईलला लावणार, हे तुमच्या लक्षात येतंय का?

अजून एक, लेखाचा सूर असा की अरब आले ते फक्त लुटायला आणि गेले. मग आमच्या चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटाचं काय? शके 848 चा, म्हणजे 926 चा आहे तो. राष्ट्रकूट राजा कृष्ण दुसरा याने संजाणचा कारभार मधुमती, म्हणजे मुहम्मद, नावाच्या ताजिकाकडे, अरबाकडे दिला होता. या मधुमतीने दोन प्रवाहांवर लोकांसाठी फुकट होडी ठेवली, संजाणला अन्नछत्र घातलं, तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळायचं, आणि देवीच्या मठाला जमीनही दिली. अरब सुभेदार म्हटला तर हाही धरायला नको का? राष्ट्रकूटांचा नोकर, आपल्या किनाऱ्यावरचा. लेखकाला सिंध दिसलं, पालघर जिल्हा दिसला नाही.

शिवाय लेखाबरोबरचं चित्र चक्क मुघल दरबाराचं आहे, मधे आठशे वर्षं गेली त्याचं काय? चित्र निवडणाऱ्याला निदान लेख वाचायला द्या.

माझी विनंती एकच आहे. दुरुस्ती छापाल तर पुरवणीतच छापा, त्याच पानावर, त्याच टाईपात. आतल्या पानाच्या तळाला चार ओळी टाकल्यात तर कोणाच्या नजरेला पडणार नाहीत. आणि छापल्यावर त्या अंकाच्या दोन प्रती मला पाठवा, पैसे लागतील ते मनीऑर्डरने पाठवतो. एक मला, आणि एक त्या मुलीला पाठवायची आहे, ती आता नर्स आहे आणि दिवाळीला अजून फोन करते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
डहाणू तालुका