‘अश्लील’ नव्हे, अत्याचाराचे चित्रण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलांच्या लैंगिक छळाच्या चित्रफिती पसरवल्याबद्दल अटक झाल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात आणि त्यांत बहुधा ‘बाल अश्लील चित्रफीत’ असा शब्दप्रयोग असतो. तो आपल्या दैनिकाने सोडावा, यासाठी हे पत्र.

असे चित्रण केवळ डाउनलोड करून खासगीत पाहणे हा गुन्हा नव्हे, हा मद्रास उच्च न्यायालयाचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी खोडून काढला. त्याच निकालात न्यायालयांनी ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्द वापरू नये असे बजावले आणि संसदेनेही तो कायद्यात बदलण्याचा विचार करावा असे सुचवले. ‘अश्लील’ म्हटले की प्रश्न पाहणाऱ्याच्या अभिरुचीचा होतो. प्रत्यक्षात ती फीत म्हणजे एका मुलावर झालेल्या अत्याचाराची नोंद असते.

२०१९च्या दुरुस्तीनंतर पॉक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १५मध्ये तीन पायऱ्या आहेत. पुढे पाठवण्याच्या हेतूने असे चित्रण जवळ बाळगून ते नष्ट न करणाऱ्यास किंवा त्याची खबर न देणाऱ्यास पहिल्या खेपेस किमान ५ हजार रुपये दंड होतो (ही रक्कम मला फारच थिटी वाटते). प्रसारासाठी बाळगल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, आणि धंद्यासाठी बाळगल्यास ३ ते ५ वर्षे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७-ब तर असे चित्रण शोधण्यालाही गुन्हा मानते आणि पहिल्याच दोषसिद्धीला ५ वर्षांपर्यंत कैद व १० लाखांपर्यंत दंड सांगते.

वकिली करताना मला काळजी वाटते ती विकृतांइतकीच भाबड्या माणसांची. ‘या नराधमाला ओळखा, पकडून द्या’ अशा ओळीसह एखादी फीत व्हॉट्सॲपवर येते आणि संतापलेली भली माणसे ती नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, माजी विद्यार्थ्यांच्या गटांत ढकलतात. कलम १५मधील प्रसारासंबंधीच्या तरतुदीतून सूट आहे ती विहित पद्धतीने खबर देण्यासाठी किंवा न्यायालयात पुरावा म्हणून वापरण्यासाठी. गटातील चारशे जणांना जागे करणे यांपैकी कशातच बसत नाही, आणि ज्या मुलाच्या कळवळ्याने हे केले त्याचीच विटंबना आणखी चारशे घरांत पोहोचते. फीत आल्यास पोलिसांना किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर कळवावे. पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते.

आणखी एक. पॉक्सोच्याच कलम २३नुसार पीडित मुलाचे नाव, पत्ता, शाळा, कुटुंब वा परिसर उघड करण्यास वृत्तपत्रांना मनाई आहे. तरीही ‘अमुक गावातील तमुक शाळेची सातवीतील विद्यार्थिनी’ असे वर्णन छापलेले मी वाचले आहे. शाळेत सातवीची एकच तुकडी असेल, तर गावाला नाव वेगळे सांगावे लागत नाही.

आपला,
एक वकील वाचक, सातारा