सात महिन्यांचा माणूस किती टिकणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘हल्लीची पोरं एका नोकरीत टिकत नाहीत’ अशा तक्रारीची दोन-तीन पत्रे अलीकडे आपल्या अंकात वाचली. मी भोसरी परिसरातल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी विभागात, कारकून होतो. तिथे कोणी किती टिकायचे हे पोरं ठरवत नसत, आम्ही ठरवायचो. आकडा होता सात महिने.

सातच का? बारा महिन्यांत २४० दिवस भरले की टेम्पररी कामगार कायमपणावर हक्क सांगू शकतो, अशी तरतूद महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या सरकारी नियमावलीत, होती. कामावरून कमी करताना नोटीस आणि भरपाई द्यायची, तर औद्योगिक विवाद कायद्यातही हेच २४० दिवस होते. त्यात पगारी रविवार आणि सुट्ट्याही धरायच्या, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितले. म्हणजे आठ महिने झाले की संपलेच. म्हणून सातव्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मस्टरवर नावापुढे लाल पेन्सिलीची फुली पडायची. कारखान्यात त्याला ‘ब्रेक लागला’ म्हणत. ती फुली मीच मारायचो, हे लपवण्यात अर्थ नाही.

दोन-अडीच महिन्यांनी तोच पोरगा पुन्हा गेटवर. काम येत असे, सुपरवायझरला तोच हवा असे. पण जुन्या आणि नव्या नेमणुकीचे दिवस एकत्र मोजले तर २४० सहज भरतात. म्हणून नवा अर्ज, नवा तिकीट नंबर (कामगाराचा हजेरी क्रमांक), नवी रुजू तारीख. कागदावर माणूसच नवा.

लातूरकडचा एक वेल्डर होता. माझ्या निवृत्तीनंतर तो घरी आला, “काका, ग्रॅच्युइटीचं काही होईल का?” म्हणत. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी संपताना मालकाने सेवेबद्दल द्यायची रक्कम. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याने आठ ओळखपत्रे काढून टीपॉयवर मांडली. सहा वर्षे, आठ कार्डे, आठ नंबर. पहिल्या कार्डावर मिसरूड, आठव्यावर कपाळ मोठे झालेले. त्यातल्या पाचांवर टाइम ऑफिसचा शिक्का आणि खाली माझी सही. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,००० धरले, तर दर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने सहा वर्षांचे ४१,५३८ रुपये होतात. आकडेमोड मी त्याच्यासमोर पाठीमागच्या कॅलेंडरवर केली. पण त्यासाठी सलग पाच वर्षे लागत, आणि त्याच्या कुठल्याच कार्डात सात महिन्यांपुढे काही नव्हते. भांडायला जागा होती. कामगाराला कायमचे फायदे मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षे टेम्पररी ठेवणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथाच आहे. पण त्यासाठी औद्योगिक न्यायालयाच्या तारखा करायच्या, आणि तारखेला गेले की नव्या ठिकाणचा खाडा. त्याने कार्डे परत पिशवीत भरली.

आता नवे श्रमसंहिता कायदे आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून मुदतीच्या नेमणुकीवरच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू आहे. चांगलेच झाले. पण माझ्या लाल पेन्सिलीला त्याने काय फरक पडतो? पाच वर्षे काय, एक वर्ष काय, सात महिने दोन्हींच्या अलीकडेच. उलट स्थायी आदेश पूर्वी आपल्या राज्यात ५० कामगारांच्या कारखान्याला लागत, आता ते ३०० पासून पुढे. एमआयडीसीतली निम्मी शेड हिंडून आलात तरी तीनशे माणसे मोजताना दमछाक होईल.

याच्या उलट बाजूही पाहा. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख रुपये भरायचे, ही एका बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली. भरतीचा खर्च वाया जातो, हे बँकेचे म्हणणे मला पटते. फक्त माणूस किमान किती टिकला पाहिजे याला पैशात किंमत लावता येते, तर त्याला टिकूच दिले नाही याचीही लावता आली पाहिजे. सहा वर्षांत एकाच गेटवर आठ वेळा रुजू झालेल्या माणसाचे सगळे दिवस मालकाने एकत्र धरावेत आणि मधल्या ब्रेकचे कारण सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकावा, एवढे राज्य सरकारने नियमांत लिहावे.

माझ्या वेल्डरच्या हाती एक गोष्ट मात्र लागली. आमच्याकडे नंबर आठ झाले, पण भविष्य निर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा क्रमांक, एकच राहिला होता. पासबुक काढले तर त्यात आठही नेमणुकांचे महिने एकाखाली एक : ५६. पेन्शनला दहा वर्षे लागतात. अजून ६४ महिने हवेत. तो आता चाकणला आहे; गेल्या महिन्यात फोन आला, तिथेही सातवा महिना लागलाय म्हणाला.

आपला,
एक निवृत्त टाइम ऑफिस कारकून, भोसरी