हृदयाची झडप कुठली बसवायची, सांग जरा

प्रिय दोस्ता,

फोनवरच सांगितलं असतं, पण तू मधेच "काय होत नाय रे तुला" म्हणतोस आणि माझं बोलायचं राहून जातं. म्हणून टाइप करतोय, निवांत वाच.

श्रावणात दंडोबाला गेलो होतो, अर्ध्या चढावर डोळ्यापुढं अंधारी आली आणि तिथंच बसलो. मी म्हटलं उपासामुळं असेल. बायकोनं ऐकलं नाही, मिरजेला नेऊन टू डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला. हृदयातनं रक्त बाहेर सोडणारी झडप असते, एऑर्टिक व्हॉल्व्ह, तिला तीन पाकळ्या असतात, मला जन्मापासून दोनच आहेत म्हणे, १०० माणसांत एखाद-दुसऱ्याला असतं असं. ५२ वर्षं त्या दोघींनी काम ओढलं, आता चुना साठून त्या घट्ट झाल्यात. भोक ०.८ चौरस सेंटीमीटर उरलंय, १ च्या खाली गेलं की सिव्हिअर, म्हणजे गंभीर, धरतात. मी विचारलं गोळ्यांवर भागेल का, डॉक्टर म्हणाले झडप उघडणारी गोळी नाही, आणि चक्कर यायला लागल्यावर थांबण्यात अर्थ नाही. म्हणजे द्राक्षं उतरल्यावर बघू, हा माझा बेत गेला.

आता खरा घोळ. लोखंडी बसवायची का जनावराची? (लोखंडी आपली मी म्हणतो, ती बहुतेक कार्बनची असते.) ती बहुतेक जन्मभर टिकते पण रक्त पातळ करायची गोळी रोज, कायमची, आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, दोन ते तीनच्या मधे राहतोय का बघायला सारखं रक्त द्यायचं. मेथी-पालक बंद नाही, पण एक आठवडा ढीगभर आणि पुढचा आठवडा काहीच नाही असं चालत नाही. जनावराची, म्हणजे टिश्यूची, असली तर ती गोळी काही महिन्यांत सुटू शकते, पण झडप १०-१५ वर्षांत झिजते, म्हणजे पासष्टीला परत हेच. तेव्हा मांडीतून नळी घालून जुन्यात नवी बसवता येईल, बसेलच असं मात्र कोण लिहून देत नाही. मग आत्ताच नळीतून का नको विचारलं, तर ते जास्त करून वयस्कर लोकांना, आणि दोन पाकळ्यांच्या झडपेत नीट बसायला अवघड जातं म्हणाले. पन्नाशीच्या आत लोखंडी, पासष्टीच्या पुढं टिश्यू असा साधारण हिशेब आहे, आणि मी बरोबर मधे लटकलोय.

पोरगा म्हणतो लोखंडी, एकदाच काय ते होऊ दे. त्यानं शोधून काढलं, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं केलेली आपली देशी झडप १९९० पासून बसवतात, परदेशीपेक्षा स्वस्त पडते. पण लेका, छाटणीत माझी बोटं कशी असतात तू बघितलीयस. कात्री लागली की चिंधी बांधून पुढची वेल धरायची, हीच सवय. रक्त पातळ झाल्यावर ते थांबणार कसं? दवाखान्यात बाकावर शेजारी एक काका होते, लोखंडीवाले, नऊ वर्षं झाली. त्यांनी नुसतं तोंड उघडलं आणि आतनं टिक टिक, स्वच्छ ऐकू आली मला. म्हणाले सवय होते, फक्त दाढ काढायची म्हटलं तरी आधी हार्टवाल्याला विचारावं लागतं.

टिश्यूची म्हणजे डुकराची झडप नाहीतर गाईच्या हृदयावरचं आवरण. आई माळकरी, तिला लपवून कसं चालेल, सांगितलं. तिनं एकच विचारलं, "मेलेल्या गाईचं का मारलेल्या?" मला उत्तर येईना. संध्याकाळी दिवा लावताना म्हणाली, "जगायचंय तुला, मला विचारू नको." तेव्हापासून जेवायला वाढते पण बोलत नाही.

माझं मन टिश्यूकडं झुकतंय, कात्रीमुळं. पण पासष्टीला परत छाती उघडायची वेळ आली तर पोराच्या डोक्याला ताप, हे रात्री आठवतं आणि मग झोप जाते. आत्ताच्या ऑपरेशनलाही छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने, म्हणजे यंदाची छाटणी गड्यांवरच.

सोमवारी अँजिओ आहे, हृदयाच्या नळ्या मोकळ्या आहेत का ते आधी बघतात. त्यानंतर सर्जन बसून बोलणारेत. तू ये. बायको रडते, पोरगा मोबाईल बघतो, मला नुसता ऐकून प्रश्न विचारणारा माणूस पाहिजे. फाईलचे फोटो रात्री पाठवतो. आणि आईशी अर्धा तास बोल, तुझं ऐकते ती.

तुझाच