छाटणीच्या काड्या जाळू नकोस

त्रिएस्ते, इटली
६ ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

आठ महिन्यांत एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन फोन आले, तेही उचलले नाहीत. राग नव्हता रे, लाज वाटत होती. विहिरीजवळच्या मांडवाखाली तुमच्या भोकरी द्राक्षाच्या बागेबद्दल मीच बोललो होतो, "भोकरीला मुंबईत कोण विचारतं? भावनेवर शेती होत नाही, काढून टाक." बापू खाटेवर बसून ऐकत होते. आता वहिनींच्या मेसेजवरून कळलं, दिवाळीनंतर बाग काढायला जेसीबी सांगितलाय. तेव्हापासून झोप नाही. बाकी तब्येत ठीक, गुडघा बरा आहे.

रविवारी काय झालं ते ऐक. इथला एक सहकारी मला प्रेपोत्तो नावाच्या गावाला घेऊन गेला. गाडीनं तासाभराचा रस्ता. युद्रिओ नावाची ओढ्याएवढी नदी, पलीकडे स्लोव्हेनिया. उतारांवर बागा, तोडणी चाललेली. एका बाईनं काळ्याभोर द्राक्षाचा घड हातावर ठेवला. मणी दाताखाली धरला तर टचकन फुटला. त्यावरूनच नाव पडलं म्हणतात, स्क्योपेत्तिनो, म्हणजे फुटणारं, तडतडणारं.

मग त्याची वाइन दिली. ग्लास नाकाशी नेला आणि तुझी आजी समोर उभी राहिली! सर्दी झाली की पाट्यावर मिरे ठेचायची ना, थेट तो वास. (तिचा काढा पाटाखाली ओतून तू नाव माझ्यावर घातलंस, ते मी विसरलेलो नाही.) सहकाऱ्याला मात्र कसलाच वास येईना. मिऱ्यात रोटंडोन नावाचं द्रव्य असतं, तेच या द्राक्षाच्या सालीत असतं, आणि पाचातल्या एकाला त्याचा वासच येत नाही. तुला मिसळीतला मिऱ्याचा एक दाणा कळायचा. तू इथे हवा होतास.

पण मला झोंबलं ते पुढचं. एकोणिसाव्या शतकात मुळं खाणारी फायलोक्सेरा कीड आली, बागा बसल्या. पुन्हा लागवड करताना बऱ्याच लोकांनी फ्रान्सच्या खपणाऱ्या जाती लावल्या. १९७० साली पाओलो आणि दीना रापुत्सी या नवरा-बायकोनं चियाल्लाच्या खोऱ्यात जागा घेतली, तेव्हा या जातीचे शंभरही वेल उरले नव्हते. दोघांनी हिंडून हिंडून ते शोधले, त्यांच्यापासून नवी रोपं केली. सरकारी यादीत जातच नव्हती, म्हणजे लावणं बेकायदा. तरी लावली. १९७६ साली नोनिनो या दारू गाळणाऱ्या घराण्यानं त्यांना पुरस्कार दिला, 'रिझित द'आउर'. फ्रिउली म्हणजे हाच प्रांत, इथल्या बोलीत त्याचा अर्थ सोन्याची काडी. मग जातीला परवानगी मिळाली. त्यांची पहिली वाइन १९७७ च्या सुगीची.

सोन्याची काडी! आणि मला बापू दिसले. दर ऑक्टोबरात छाटणी झाली की भोकरीच्या काड्यांची एक मोळी ओल्या पोत्यात गुंडाळून बाजूला ठेवायचे. आपण हसायचो, चूल पेटवायला ठेवतायत म्हणून. बाळ्या, ते काय करत होते ते मला या वयात, इतक्या लांब येऊन कळलं.

तुझ्यावर सोसायटीचं कर्ज आहे, व्यापारी थॉम्पसन द्राक्षाची पेटी उचलतो, भोकरीला हात लावत नाही. सगळं मान्य. बाग काढ, फेब्रुवारीत नव्या बागेचे खुंट लाव, माझं काही म्हणणं नाही. फक्त या छाटणीच्या काड्या जाळू नकोस. चार-चार डोळ्यांच्या पन्नास काड्या बापूंना निवडू दे, पिशव्यांत लाव. तुझ्याकडे जागा नसेल तर आमच्याकडे आण. आईला फोन केला होता, तिनं न्हाणीमागची जागा झाडून ठेवलीय. माती चांगली आहे, तिथे कर्दळ कशी माजते तू पाहिलंयस.

छोकरीची दहावी कशी चाललीय? बागेवर डाऊनीची रोगराई आली नाही ना यंदा? वहिनींना नमस्कार. रविवारी फोन करतो, उचल.

तुझा,
नाना

ता. क. हे पत्र बापूंना वाचून दाखव. तेव्हाचं माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, हेही ऐकू दे.