सूचना : धोक्याच्या भोंग्यांच्या जागांबाबत

सभासदहो, भोंग्यांच्या जागांचा नकाशा पाहून आपली पसंती किंवा हरकत रविवारपर्यंत कळवा. हा भोंगा मुख्यतः घराबाहेर असलेल्यांसाठी असतो. बंद खिडक्यांआड झोपलेल्याला तो ऐकू येईलच असं नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो, उंच इमारतींच्या आड त्याहूनही जास्त. म्हणून खांब आसपासच्या छपरांपेक्षा उंच हवा, वीज गेली तर बॅटरी हवी आणि दुरुस्तीची गाडी तिथवर पोचायला हवी. पूररेषेच्या आत तर नकोच! ‘आमच्या खिडकीसमोर नको’ हे म्हणणं रास्त आहे, जवळून कानठळ्या बसतात. पण मग पर्यायी जागाही सुचवा. मैदानाची कड, पाण्याची टाकी, काहीही चालेल.