टेकडीच्या पायथ्याशी आठवडे बाजार भरवावा

महोदय,

राज्य सरकारने 2016 साली फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केल्यानंतर शेतकरी आठवडे बाजारांना चालना मिळाली आणि पुण्यासारख्या शहरात अडत्याला वगळून थेट उत्पादकाकडून मेथी, गवार, वांगी घेण्याची सोय झाली. मात्र यांतील अनेक बाजार दुपारनंतर भरतात. त्या वेळी नोकरदार घरी नसतात आणि उन्हाळ्यात पालेभाजीही माना टाकते.

दुसरीकडे वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती येथे रोज पहाटे मोठ्या संख्येने नागरिक चढण चढतात. दम लागेल असा व्यायाम केल्यावर मन निवते, हा निव्वळ भास नाही. अशा श्रमांनंतर रक्तातील एंडोकॅनाबिनॉइड ही शरीरातच तयार होणारी द्रव्ये वाढतात व ती मेंदूपर्यंत पोहोचून चिंता कमी करण्यास हातभार लावतात, असे संशोधक मानतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रौढांसाठी आठवड्याला किमान 75 मिनिटे जोरकस किंवा 150 मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे.

तेव्हा महापालिका व पणन मंडळाने शनिवार-रविवारी सकाळी सहा ते दहा या वेळेत टेकड्यांच्या पायथ्याशी, वनक्षेत्राबाहेर, बाजारासाठी जागा द्यावी. उतरून आलेला माणूस निवांत असतो, त्यामुळे घासाघीसही बेताची होईल. (सध्या तो थेट वडापावच्या गाडीकडे वळतो, हेही मान्य केले पाहिजे.) वाहनतळ, पिण्याचे पाणी आणि शेतकरी महिलांसाठी स्वच्छतागृह या सोयी मात्र आधी व्हाव्यात.

– एक वाचक, कोथरूड, पुणे