माडीवरचे टेबल आणि काकांचा प्रश्न

महाल, नागपूर

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार.

आईचा गुडघा तसाच आहे, माझा खोकला गेला, बाकी सर्व ठीक. परवा पंगतीत काकांनी मला सगळ्यांसमोर विचारले, "काय रे, वेगळं मीटर घेऊन राहिला का?" आवाज चढलेला नव्हता, रागही दिसत नव्हता, पण काकूंच्या हातातला वरणाचा पळा पातेल्यावरच थांबला आणि आई माझ्याकडे पाहायचे सोडून ताटाकडे पाहू लागली. तुमच्या वाड्यात भिंत उठली ती चुलीवरून नव्हे, मीटरवरून, हे आपल्या दोघांनाही पाठ आहे. म्हणून हे पत्र तुला लिहितो आहे, दुसऱ्या कोणाला लिहून उपयोग नाही.

कंपनीने घरून काम करण्याची मुभा कायम केली आणि मी पुण्याची खोली सोडून आईजवळ आलो, एवढे तुला कळले आहेच. त्यानंतर इतके दिवस मी ओसरीवरच्या दिवाणावर मांडीवर लॅपटॉप घेऊन काम केले. आमचे काम जर्मनीतल्या लोकांबरोबर चालते. तिकडे सकाळचे 9 वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो, त्यामुळे घर जेव्हा वामकुक्षीला लागते तेव्हा माझा दिवस सुरू होतो, आणि संध्याकाळी ओसरीवर काकांची मित्रमंडळी जमतात तेव्हा माझ्या महत्त्वाच्या बैठका असतात. कानाला हेडफोन लावलेला माणूस रिकामाच बसलेला दिसतो, म्हणून कोणी गॅसचे सिलिंडर उचलायला हाक मारतो, तर दादाची पोट्टी शेजारी येऊन स्क्रीनवरच्या गोऱ्या साहेबाला हात हलवतात. त्या साहेबाला ती इतकी आवडतात की आता तो त्यांची नावे घेऊन चौकशी करतो! पण पाठ दुखते, लक्ष तुटते, आणि दुपारी झोपलेल्या घरात आपल्या बोलण्याने काकूंची झोपमोड होते याची टोचणी वेगळीच.

म्हणून माडी. बारावीला तू आणि मी जिथे खिडकीकडच्या खुर्चीसाठी भांडायचो आणि शेवटी आजीने एक दिवसाआड पाळी लावून दिली, तीच. आजोबांचे सागवानी टेबल अजून तिथेच आहे. टेपने मोजले तर उंची 31 इंच भरली. टंकलेखनाला हाताचे कोपर काटकोनात राहावे, तर माझ्या उंचीला ते दोन-तीन इंच जास्त होते. सुतार पाय कापायला निघाला होता, काका म्हणाले, "बाबांच्या टेबलाला करवत लागणार नाही." मला ते पटले. मग उलट केले: चाकांची खुर्ची घेऊन ती वर चढवली आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली जेवणाचा जुना पाट ठेवला. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला यावी म्हणून तिच्याखाली आजोबांच्या रोजमेळाच्या लाल चोपड्या रचल्या आहेत. आणि तुला सांगतो, ज्या खिडकीकडे तोंड करून बसायला आपण भांडलो ती जागा कामाची नव्हतीच. समोर उजेड आला की डोळे दिपतात आणि पाठीमागे आला की स्क्रीनवर चकाकतो, म्हणून मी टेबल आडवे फिरवून खिडकी डाव्या हाताला घेतली आहे.

इंटरनेटने मात्र फार सतावले. राउटर ओसरीत आणि आमच्या भिंती दीड-दीड हात जाडीच्या. वाय-फायची वेगवान 5 गिगाहर्ट्झची लहर तर जिन्यापर्यंतही टिकत नव्हती आणि 2.4 ची वर पोहोचायची ती मरगळून. अखेर जिन्याच्या कठड्याला धरून नेटवर्कची केबल वर नेली. अशी केबल 100 मीटरपर्यंत नीट चालते, आपल्याला त्याच्या चौथाईचीही गरज नव्हती.

पण खरी परीक्षा कौलाखालच्या उन्हाची. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की दुपारी माडीवर अक्षरशः भट्टी पेटते, तेव्हा कूलरशिवाय तिथे बसणे शक्य नाही. कूलरची गोष्ट अशी की ताट्यांतून येणारी गार हवा दुसऱ्या बाजूने बाहेर पडली तरच तो गारवा देतो, नाहीतर खोलीत नुसती चिपचिप होते. म्हणजे कूलरला दार उघडे हवे आणि बैठकीला बंद. यावर उपाय काकांनी काढला. चौकाकडचा झरोका आजीच्या वेळेपासून गंजून बसला होता. काका स्वतः स्टुलावर चढले, बिजागरीत तेल सोडत आणि हलक्या हाताने ठोकत त्यांनी तो मोकळा केला, आणि हवा वाहू लागली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही. एवढे लिहितो ते यासाठी की माझ्या कामाच्या जागेला त्यांचा विरोध होता असे तू क्षणभरही समजू नयेस.

गाडी अडली ती विजेवर. वरची वायरिंग जुनी, दोन तारांची, अर्थिंगच नाही. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या पाठीवरून बोट फिरवले तर मुंग्या आल्यासारखी झिणझिण लागायची. लॅपटॉपचे एक वेळ ठीक, पण पाण्याने भरलेला लोखंडी कूलर तसाच लावायचा म्हणजे जिवाशी खेळ. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे जातात आणि आपल्या गल्लीत त्या घरी काय झाले ते तू विसरलेला नाहीस. म्हणून मी वायरमनला सांगितले की मुख्य बोर्डापासून माडीला स्वतंत्र लाइन ओढ, अर्थिंग नव्याने कर आणि 30 मिलिअँपिअरची वीजगळती होताच ट्रिप होऊन वीज तोडणारा आरसीसीबी बसव. वायरमन म्हणाला, एवढे करताच आहात तर सब-मीटरही लावून घ्या, वरचा वापर वेगळा कळेल. मला ते योग्य वाटले आणि अजूनही वाटते. कूलर, लॅपटॉप आणि स्क्रीन मिळून दिवसाला पावणेतीन युनिट धरले तर महिन्याच्या कामाच्या बावीस दिवसांत 60 युनिटांच्या आसपास खर्च होतो. बिल टप्प्याटप्प्याने चढणारे, साऱ्या घराचे मीटर एक आणि ते काकांच्या नावावर, त्यामुळे माझी ही वाढीव युनिटे वरच्या, महाग टप्प्यात जाऊन पडतात. पगार माझ्या हातात येतो, काका पेन्शनीवर. तो भार त्यांच्यावर का पडावा? वाढीव रक्कम दर महिन्याला मी देईन, असे मी त्यांना मोकळेपणाने सांगितले.

त्याच रात्री पंगतीत तो प्रश्न आला. नंतर काकू मला एकटे गाठून म्हणाल्या की काकांना मीटरचे नव्हे, पैशाचे लागले. या घरात कोणी किती भाकऱ्या खाल्ल्या आणि कोणी किती दिवे जाळले हे आजपर्यंत कोणी मोजले नाही, आणि मोजायला सुरुवात झाली की ती माडीवर थांबत नाही, असे त्यांचे म्हणणे. विन्या, मला हे कळत नाही असे नाही. बाबांच्या आजारपणात काकांनी किती खर्च केला याचा कागद या घरात कुठेही सापडणार नाही. पण न मोजता घेत राहणे हे ज्याच्याकडे नाही त्याला शोभते. ज्याच्याकडे आहे त्याने न मोजता घेत राहिले तर ओझे कोणावर तरी साचतेच, आणि ते कधी बोलून दाखवले जात नाही म्हणून अधिक जड होते.

फुटाळा तलावावर आपले जे भांडण झाले ते तुला आठवत असेल. तू म्हणाला होतास की गोडी आहे तोवर वेगळे व्हावे, म्हणजे गोडी टिकते, आणि मी म्हणालो होतो की एका छताखाली राहूनही माणसाला स्वतःची जागा आणि स्वतःचा हिशेब ठेवता आला पाहिजे. माझे मत आजही तेच आहे. मला वाटणी नको, माडी माझ्या नावावर नको. पाहुणे आले की त्यांच्या गाद्या तिथेच पडतील आणि काकूंच्या कुरड्यांचे डबेही तिथेच राहतील. मला फक्त दुपारी साडेबारापासून रात्री साडेनऊपर्यंत एक लोटलेले दार हवे आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या विजेचे पैसे देण्याची परवानगी. एवढे मागणे म्हणजे घर तोडणे आहे का? दादा म्हणतो सब-मीटरचा विचार सोड आणि गुपचूप किराणा जास्त भर, म्हणजे काकांना कळणारही नाही. मला ते लपवून देणे पटत नाही.

तुझे नवे ऑफिस कसे आहे, रत्नागिरीच्या पावसात घर मिळाले का, सोनूने कोणती शाखा घेतली, सगळे सविस्तर कळव, वहिनींना नमस्कार. पोळ्याला सुटी काढून ये, दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीला, मीही रजा घेतली आहे, कारण त्या गर्दी-गोंगाटात माडीवर बसून काम होणे नाही.

वायरमन सोमवारी आरसीसीबी बसवायला येणार आहे. लाइन आणि अर्थिंग होणारच, त्यावर काकांचीही हरकत नाही. सब-मीटरचे काय करायचे ते त्याआधी ठरवायचे आहे. मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. तुमच्याकडे पहिले मीटर लागले त्या दिवशी तुझ्या वडिलांना नेमके काय लागले होते, आणि मोठ्या काकांनी त्यांच्याशी आधी काय बोलायला हवे होते असे तुला वाटते, ते लिही. फोनवर तू हे टाळशील म्हणून पत्रातच लिही, आणि रविवारपर्यंत हाती पडेल असे स्पीड पोस्टाने पाठव.

तुझा,
दिलीप